शिवारात राहून अद्भुत कादंबरी लिहिताना

अद्भुत कादंबरी लिहू पाहणाऱ्या आपल्या भागातील मुलामुलींच्या वह्या माझ्याकडे वाचायला येतात, तेव्हा त्यांच्या पहिल्या प्रकरणात हमखास बर्फाचे डोंगर, उंच दगडी बुरूज आणि सराईमध्ये बसून बेत आखणारे तलवारबहाद्दर भेटतात. लिहिणाऱ्याने बर्फ पाहिलेले नसते. त्यामुळे बर्फात पाय किती रुततो, भिजलेले जोडे कशावर वाळवतात, अशा थंडीत माणूस दिवसभरात किती वाट चालू शकतो, यांपैकी काहीच पानावर उतरत नाही आणि दुसऱ्या प्रकरणापर्यंत ते जग विरून जाते. त्याच मुलाला भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या वावरातून अनवाणी चालताना काय होते आणि मृगाच्या सरी पडल्यावर तीच माती पायाला कशी लगदून येते हे विचारले, तर तो न थांबता सांगत राहतो. वाचकाने अशक्य गोष्टीवर विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर ती गोष्ट लेखकाच्या पूर्ण परिचयाच्या माती-पाण्यात, कष्टांत आणि देण्याघेण्यात रोवलेली असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना त्याच मतातून आलेल्या आहेत. त्या वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात राहून, शेतीची कामे सांभाळून पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी आहेत.

नकाशात आधी पाणी काढावे

कल्पित राज्याचा नकाशा काढायला बसल्यावर पहिली रेघ राजधानीची किंवा डोंगराची काढण्याचा मोह होतो. त्याऐवजी आधी पाणी काढावे, कारण कोण संपन्न होईल, कोणाचे कोणाशी वैर असेल, कोणत्या गावात मुलगी द्यायला लोक कचरतील आणि सैन्य कोणत्या वाटेने जाईल, हे सारे पाण्यावरून ठरते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा पाहा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात वर काळी कसदार माती आहे आणि जमिनीखालचे पाणी मात्र खारट आहे, त्यामुळे विहीर खणली तरी ते पाणी पिण्याला आणि ओलिताला नीट उपयोगी पडत नाही. आता असे एक राज्य कल्पावे की ज्याच्या जमिनीखाली जुना समुद्र कोंडलेला आहे आणि तो प्रत्येक पिढीत थोडा थोडा वर चढतो. त्या राज्यात पावसाचे पाणी साठवणाऱ्या घराण्यांचे वजन किती असेल, गोड विहिरीवर पहारा कोण देईल, शपथ कशावर हात ठेवून घेतील, हे प्रश्न विचारत गेले की कथानकाचा अर्धा भाग आपोआप हाती येतो.

पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत याच्या उलट चित्र आहे. तेथे गावोगावी माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातले तलाव आहेत. त्यांपैकी अनेक तलाव कोहळी समाजाने जमिनीचा उतार अचूक ओळखून, मातीच्या पाळी घालून उभे केले आहेत. कोणत्या जागी पाळ टिकेल आणि सांडवा कुठे काढावा याचे पिढीजात ज्ञान असलेले कूळ हे कादंबरीतल्या मांत्रिकांच्या घराण्यासाठी फार समर्थ बीज आहे, कारण त्यांची विद्या डोळ्यांना दिसते, तिचे फळ बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात पिकते आणि ती चुकली तर गाव बुडते.

लोणारचे सरोवर तर अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते आणि तरीही ते लिखाणात येत नाही, याचे मला नवल वाटते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर आहे. काठावरून गोड्या पाण्याची धार पडते, तर आत सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून 2020 मध्ये क्षार वाढल्यामुळे त्यात विशिष्ट सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि सारे पाणी गुलाबी दिसू लागले. भगवान विष्णूने लवणासुराला तेथे मारले, ही कथा आणि काठच्या गावातील दैत्यसूदनाचे मंदिर हे त्याच जागेचे दुसरे अंग आहे. लेखकाने अशा जागेकडे जाताना शास्त्रीय कारण आणि दंतकथा यांपैकी एकाची निवड करण्याची घाई करू नये. आकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीला खड्डा पाडला हे सत्य आणि लोकांनी त्या खड्ड्याला असुराचे घर मानले हेही सत्य, अशी दोन्ही सत्ये आपल्या कल्पित जगात एकाच वेळी जिवंत ठेवता आली, तर ते जग खोल होते.

अंतरांचा हिशेबही स्वतःच्या अनुभवातूनच घ्यावा. बैलबंडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते आणि बैलांना पाणी-चारा देत दिवसभरात साधारण वीस-पंचवीस किलोमीटरचा पल्ला गाठते. आठवडी बाजार सहसा सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर असतो. या मापाने राज्य आखले की बातमी किती दिवसांनी पोहोचेल आणि मदत वेळेवर का येणार नाही, हे ठरवून द्यावे लागत नाही. अंतरच ते ठरवते.

अद्भुताला किंमत असावी

नवख्या लेखकाच्या वहीत मंत्र उच्चारला की काम होते, आणि म्हणूनच त्या मंत्राची भीती वाटत नाही. या बाबतीत आपल्याच भूमीशी जोडलेले नल-दमयंतीचे आख्यान लक्षपूर्वक अभ्यासावे, असा माझा आग्रह आहे. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. महाभारताच्या वनपर्वातील या आख्यानात अद्भुत घटना अनेक आहेत, पण एकही फुकट घडत नाही. कली नलाच्या शरीरात शिरतो तो बारा वर्षे वाट पाहून, नलाच्या हातून शुचितेत चूक झाल्यावरच. वणव्यात अडकलेल्या कर्कोटक नागाला नल वाचवतो, तेव्हा नाग त्याला दंश करून त्याचे रूप विद्रूप करतो. तेच विष मात्र नलाला न छळता त्याच्या आत लपलेल्या कलीला जाळत राहते. पुढे नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि दोघे विदर्भाकडे निघतात. वाटेत राजा बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवतो. नल रथ थांबवून ती संख्या पडताळतो आणि घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात फाशांचे आणि गणनेचे रहस्य मागून घेतो. ती विद्या मिळताच कली विष ओकत बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो.

या एका प्रसंगात लेखकाला शिकण्यासारखे किती आहे ते पाहावे. एक विद्या दुसऱ्या विद्येच्या मोबदल्यात मिळते. विद्या देणारा राजा स्वतः सारथ्यावर अवलंबून आहे, त्यामुळे सौद्यात दोघेही गरजू आहेत. नायक ऐकलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवता फळे मोजून पाहतो. आणि शरीरातून निघालेल्या अरिष्टालाही राहायला जागा लागते, म्हणून ते बेहड्यात जाते. हा बेहडा आपल्या रानात आजही उभा आहे, त्याची फळे गोळा करून विकली जातात, आणि तरीही आपल्या कादंबऱ्यांत ओकची झाडे का उगवतात, याचा प्रत्येक लेखकाने विचार करावा.

आपल्या जगातील विद्येचे नियम ठरवताना गावातील खऱ्या व्यवहारांकडे पाहावे. उसने घेतलेले बियाणे कसे फेडले जाते, सावकाराचे व्याज कोणत्या महिन्यात तगादा लावते, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून दोन भावांचे बोलणे कसे बंद होते, सामायिक विहिरीवर पाळी कोणाची, यांतून अतिशय कडक आणि तर्कशुद्ध असे विद्येचे कायदे तयार करता येतात. एक काळजी मात्र घ्यावी. कर्ज आणि नापिकी यांनी आपल्या जिल्ह्यांतील घरे उद्ध्वस्त झालेली आहेत. त्या दुःखाचा उपयोग राक्षसाला भेसूर करण्यासाठी नुसती सजावट म्हणून करू नये. ते आणायचे असेल, तर त्या घरातील माणसाला कादंबरीत पूर्ण माणूस म्हणून जागा द्यावी.

ऐकणे, टिपणे आणि विचारणे

प्रेरणेची वाट पाहत बसण्यापेक्षा ऐकण्याची सवय लावणे अधिक उपयोगाचे असते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित असलेला लीळाचरित्र हा ग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केला, तो चक्रधरस्वामींचा सहवास लाभलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी गोळा करून आणि त्या पडताळून घेऊन. गोष्ट कोणी सांगितली याला त्यांच्या कामात महत्त्व होते. तुमच्या टिपणवहीतही प्रत्येक गोष्टीखाली ती कोणाकडून, कोणत्या गावात आणि कोणत्या निमित्ताने ऐकली, हे लिहिलेले असावे. रानात भुलनवेलीवर पाय पडला की माणूस तेथल्या तेथे घिरट्या घालतो आणि त्याला घरची वाट सापडत नाही, अशी समजूत मेळघाटापासून पूर्वेच्या जंगलापर्यंत ऐकू येते; पण ती गुराखी सांगतो तेव्हा त्यात हरवलेल्या ढोरांचा संबंध असतो आणि मोहफुले वेचणारी बाई सांगते तेव्हा पहाटेच्या अंधाराचा. विहिरीवरच्या आसरा या जलदेवता, जुन्या पिंपळावरचा मुंजा, वाटेत भुलवणारा चकवा आणि शिवेवरचा शेंदूर लावलेला वाघोबा यांच्याबाबतही हेच आहे. सांगणाऱ्याचे काम आणि त्याची भीती यांसकट गोष्ट टिपली, तरच ती पुढे कादंबरीत जिवंत राहते.

नागपूरजवळच्या जुनापाणी आणि माहुरझरी येथील शिळावर्तुळे हे आणखी एक ठिकाण आहे, जेथे लेखकाने अर्धा दिवस तरी काढावा. लोहयुगीन माणसांनी आपल्या मृतांभोवती मांडलेले हे दगडांचे गोल आहेत. माहुरझरीच्या उत्खननात घोड्यांचे अवशेष आणि त्यांना घातलेले तांब्याचे अलंकार मिळाले आहेत. मेलेल्या धन्यासोबत सजवलेला घोडा पुरणारी माणसे याच मातीत राहून गेली, एवढ्या एका गोष्टीवर पूर्ण खंड उभा राहू शकतो. तेथील एकही दगड हलवू नये, हे वेगळे सांगायला नको.

आदिवासी परंपरांकडे जाताना विशेष जबाबदारीने जावे, आणि या मुद्द्यावर मी कोणतीही सूट मान्य करणार नाही. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेत माघ पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्या गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका केली, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. मेळघाटातील कोरकू समाजात होळीनंतर रावणपुत्र मेघनाथाची पूजा होते, आणि गोंडांमध्ये रावणाला आदराचे स्थान देणारे लोक आहेत. त्यामुळे "असुर" म्हटले की तो दुष्टच, हे सूत्र आपल्या शेजाऱ्याच्या देवालाच खलनायक ठरवू शकते. ज्यांची गोष्ट आहे त्यांना ती कादंबरीत वापरायची आहे असे स्पष्ट सांगावे, जे सांगितले जात नाही ते खोदून विचारू नये, पूजेतील नावे जशीच्या तशी उचलू नयेत आणि शक्य झाल्यास लिहिलेला भाग त्यांना वाचून दाखवावा. भुमका, म्हणजे गावचा पुजारी-वैद्य, जी झाडपाल्याची माहिती विश्वासाने देतो, ती औषधाच्या नुसख्यासारखी पानावर छापणे हा तर सरळ विश्वासघात आहे.

शेतीच्या वर्षात लिखाणाचे वर्ष

शहरातील लेखकांसाठी दिलेला "रोज पहाटे दोन तास लिहा" हा सल्ला आपल्याकडे टिकत नाही. कारण आळशीपणाचे नसून कामाच्या रचनेचे असते. पेरणीच्या दिवसांत पहाट वावरात उजाडते, आणि कृषिपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्री असते त्या आठवड्यात झोपेचाच हिशेब लागत नाही. म्हणून लिखाणाचे वर्षच शेतीच्या वर्षाबरोबर आखावे. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी रोज तीनशे शब्दांच्या गतीने सुमारे 267 दिवसांत पूर्ण होते, म्हणजे वर्षातले जवळजवळ शंभर दिवस हातातून गेले तरी पहिला खर्डा वर्षात होतो. ते शंभर दिवस कोणते जाणार, हे आधीच ठाऊक असणे ही शेतकरी लेखकाची मोठी सोय आहे.

मृगात आणि त्यानंतरच्या पेरणीत लिहिण्याचा हट्ट धरू नये. खिशात छोटी वही ठेवून एखादी ओळ टिपली तरी पुरे. त्यानंतर निंदण आणि डवरणीची धावपळ असते, पण मध्येच झड लागते, वावरात पाय ठेवता येत नाही आणि सारे घर ओसरीत बसून राहते. झडीचे हे दिवस नव्या प्रकरणांसाठी उत्तम असतात, त्यासाठी त्यांची रूपरेषा आधीच तयार ठेवावी. पोळ्याच्या सुमारास गावात झडत्या ऐकू येतात. तोरणाखाली बैल उभे असताना चढाओढीने म्हटलेल्या त्या ओळींची पट्टी, त्यांचा थांबा आणि शेवटची उसळी कानात साठवून घ्यावी, कारण कल्पित राज्यातील घोषणा, शाप आणि आव्हाने लिहिताना तीच लय कामाला येते. सोयाबीनची सवंगणी आणि पुढे कापसाची वेचणी सुरू झाली की हात मोकळे नसतात, पण तोंड आणि कान मोकळे असतात. ओळीने कापूस वेचताना बायका एकमेकींना जे सांगतात, त्यात गोष्ट कशी लांबवावी आणि नेमकी कुठे तोडावी याचे शिक्षण मिळते.

हिवाळ्यातील जागल, म्हणजे रात्रीची पीकराखण, हा माझ्या मते लेखकाचा सर्वांत मौल्यवान काळ आहे. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून हरभरा-तूर राखण्यासाठी माळ्यावर बसलेल्या माणसाला लिहिण्याइतका उजेड नसतो, म्हणून त्या वेळेत लिहू नये, रचना करावी. एका रात्री एकच प्रश्न सोबत न्यावा: नायिका खाऱ्या विहिरीत का उतरते, किंवा सेनापती कोणाचे ऋण लपवतो आहे. सुचलेले मोबाइलमध्ये आवाजात नोंदवून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कागदावर उतरवावे. मराठीत बोलून टंकलेखन करण्याची सोय आता साध्या फोनमध्येही आहे. ती विरामचिन्हे आणि बोलीतील शब्द चुकवते, तरी पहिल्या खर्ड्यासाठी ती चांगली चालते. जागलीवर एकट्याने जाणे मात्र टाळावे, कारण वाघ-बिबट्याचा वावर आता अनेक शिवारांत आहे.

उलंगवाडी झाली, म्हणजे शेताचा हंगाम संपला, की उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडण्यासारखे नसते. दार लोटून घेतलेल्या अंधाऱ्या खोलीत केलेली ती दुपारची बैठक पुनर्लेखनासाठी राखून ठेवावी.

घरच्यांचा प्रश्नही याच हिशेबात येतो. लिहिणाऱ्या सुनेला किंवा मुलीला निवांत वेळ मागावा लागतो आणि तो मागताना संकोच वाटतो. यावर उपाय म्हणून लिखाणाची वेळ घरातील एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून घ्यावी आणि आईला, सासूबाईंना किंवा आजीला रोज थोडे वाचून दाखवावे. ज्या घराने गोष्टीचा पुढचा भाग विचारला, त्या घरात वही लपवावी लागत नाही.

बोली, वाचन आणि रात्रभर जागणारा प्रेक्षक

निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद बोलीत लिहावेत की नाही, यावर मते वेगळी आहेत. माझा सल्ला असा की बोली आणायची असेल तर ती राणीच्याही तोंडी आणावी. "मले काऊन सांगतलं नाही?" हा प्रश्न दरबारात विचारला गेला की वाचक दचकतो आणि लगेच ऐकू लागतो, तोच प्रश्न फक्त नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी घातला, तर लेखक आपल्याच माणसांना हसण्याचा विषय करतो. झाडीबोली आणि वऱ्हाडी या दोहोंना आपापले उच्चार आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. कल्पित राज्यातील दोन प्रांतांना या दोन बोली वाटून देणे मला विशेष आवडते.

कथानकाचा वेग शिकण्यासाठी झाडीपट्टीची रंगभूमी पाहावी. देसाईगंज, म्हणजे वडसा येथील नाट्यमंडळे हंगामात गावोगावी प्रयोग करतात, अनेकदा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने, आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. दिवसभर राबलेला प्रेक्षक पहाटे तीन वाजता कोणत्या प्रवेशाला ताठ बसतो आणि कोणत्या प्रवेशाला चहाकडे उठतो, हे प्रेक्षकांत बसून टिपावे. आपल्या कादंबरीतील मधला रेंगाळणारा भाग याच कसोटीवर तपासावा: तो मोठ्याने वाचताना ऐकणारा उठून गेला, तर तो भाग कापावा, मग तो लेखकाला कितीही प्रिय असो.

वाचनासाठी गावातील किंवा तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासद व्हावे. जिल्ह्याचे गॅझेटिअर आवर्जून चाळावे, कारण जुने रस्ते, घाट, किल्ले, बाजार आणि नद्यांचे पूर यांची माहिती तेथे एकत्र मिळते. गाविलगड किंवा नरनाळा पाहायला जाण्यापूर्वी ते पान वाचलेले असले, तर तटावर उभे राहून काय पाहायचे ते कळते.

हस्तलिखित बाहेर पाठवण्यापूर्वी

लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीच्या काळात गहाळ झाली आणि ती आठवणीतून पुन्हा सिद्ध करावी लागली, असे महानुभाव परंपरा सांगते. तुमच्या कादंबरीसाठी ते कष्ट कोणीही घेणार नाही, तेव्हा वहीची पाने दर आठवड्याला फोनने टिपून स्वतःच्या ईमेलवर पाठवावीत आणि टंकलेखन युनिकोड देवनागरीतच करावे, म्हणजे पुढे कोणत्याही प्रकाशकाला ते उघडता येते. भारतीय कायद्यानुसार लेखनाचा स्वामित्वहक्क ते लिहिले जाताच लेखकाकडे येतो; नोंदणी ऐच्छिक आहे. स्वतः पुस्तक काढायचे ठरवल्यास आयएसबीएन क्रमांक शासनाकडून विनाशुल्क मिळतो, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

प्रकाशकाला संपूर्ण कादंबरी पाठवण्यापूर्वी एका पानाचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणे पाठवावीत. त्याच जगातील एखादी स्वतंत्र कथा दिवाळी अंकासाठी वेगळी लिहून उन्हाळ्यातच संपादकांकडे द्यावी, कारण पावसाळा लागेपर्यंत अनेक अंकांची जुळवाजुळव पुढे गेलेली असते. उत्तर यायला कित्येक महिने लागतात. तोपर्यंत पेरणी येते, आणि दुसऱ्या खंडाची टिपणे त्याच पेरणीत सुरू करावीत.